खांदा दुखतोय: डॉक्टरांनी नीट तपासलं, हे आपल्याला कसं कळावं?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझं वय ४९. फळछाटणीनंतर विरळणीला दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभी असते, गेली वीस वर्षं. दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय. आधी वाटलं, कामानं भरून आलाय, बाग उतरली की जाईल. बाग उतरली, शिमगा झाला, खांदा तसाच. उलट आता अंबाडा घालता येत नाही, लेकीकडून घालून घेते. पाठीमागं हात जात नाही. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते ती येतेच.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर टेबलापलीकडून उठलेच नाहीत. कुठं दुखतंय विचारलं, मी बोट दाखवलं, एमआरआयची चिठ्ठी हातात आली. दुसरीकडं "वयाचं आहे" म्हणून गोळ्या आणि मलम. दोघांपैकी एकानंही खांद्याला हात लावला नाही.

एमआरआयला पैसे घालायला ना नाही. पण त्याआधी कुणीतरी खांदा बघायला नको का? माझा प्रश्न सरळ आहे. खांदा तपासणं म्हणजे डॉक्टर नेमकं काय काय करतात? काय केलं म्हणजे आपण समजावं की नीट तपासलं? ज्यांना अनुभव आहे, जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सांगा.

कृष्णामाई
अगं, माझंच लिहिलंयस की काय असं वाटलं! फक्त माझा डावा होता आणि मला पोलक्याचा पाठीचा हूकही लागत नव्हता. दीड वर्ष काढलं मी. आता बरा आहे. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता नातवंडं शाळेतून येतील.

सरळसोट
ताई, एमआरआय करून टाका. आत काय फाटलंय ते बाहेरून हात लावून कुणाला दिसणार आहे? आजकाल मशिनी आहेत त्या कशासाठी? तपासण्यात वेळ घालवून शेवटी तिथंच यायचं असतं.

हळदकाठ
धागा वाचतोय. आमच्या बाबांचा पण खांदा गेलाय. सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीची पोती वाहिली त्यांनी. हात वरच होत न्हाई आता. जाणकारांनी लिहावं, लई जणांच्या उपयोगी पडंल.

अस्थिमार्ग
मी हाडांचा डॉक्टर आहे. शिक्षण मिरजेलाच झालं, आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करतो. इथं बसून कुणाच्या खांद्याचं निदान करणार नाही, ते योग्यही नाही. पण द्राक्षवेल ताईंनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून तपासणी कशी होते ते सांगतो.

आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: आधी बघा, मग चाचपा, मग हलवा. याच क्रमानं. आणि दोन्ही खांदे. दुखरा एकटा बघून काही कळत नाही, कारण त्या माणसाचा चांगला खांदा हीच त्याची मोजपट्टी असते.

बघायचं म्हणजे कपड्यावरून नाही. दोन्ही खांदे उघडे हवेत, पुढून, बाजूनं आणि मागून. मागून बघणं सगळ्यात जास्त चुकतं. पाठीवरच्या पात्यावर, म्हणजे खवाट्यावर, जे मांस असतं ते एका बाजूला बसलंय का, खळगा पडलाय का, ते फक्त मागूनच दिसतं. खांद्याची गोलाई जाऊन चौकोनी कोपरा दिसत असेल तर सांधा निखळलेला असू शकतो.

चाचपताना छातीच्या मधल्या हाडापासून सुरुवात करायची. गळपट्टीच्या हाडावरून बोटं सरकवत खांद्याच्या टोकापर्यंत जायचं. तिथं एक छोटा सांधा आहे, तो दाबून बघायचा. मग दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा, मग पुढच्या बाजूची खाच, जिच्यातून दंडाच्या बेटकुळीची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जाते. रुग्णाच्या तोंडाकडं बघत दाबायचं असतं, बोटांकडं नाही.

आणि मग हालचाल. इथं सगळी गोम आहे. आधी रुग्णानं स्वतः हात उचलायचा. मग त्यानं हात सैल सोडायचा आणि डॉक्टरनं उचलायचा. या दोन्हींतला फरक ज्यानं बघितला त्याला निम्मं उत्तर तिथंच मिळतं. स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्यानं उचलला तर हात पूर्ण वर जातो, तर सांधा मोकळा आहे आणि उचलणारी शीर किंवा तिची नस कामातून गेली आहे. स्वतःलाही येत नाही आणि दुसऱ्यानं नेला तरी अडतो, तर सांधाच आखडलाय.

मशीन चालू करायच्या आधी एवढं कळतं, सरळसोट. आणि हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचा उपचार वेगळा आहे.

लालमाती
डॉक्टर साहेब, उत्तम लिहिलंत. आमच्या तालमीत खांदा उतरला की वस्ताद पोराला मातीवर आडवं करायचे, टाच काखेत लावायचे आणि हात धरून सावकाश ओढायचे. खटकन बसायचा. एक्स-रे नाही, काही नाही. माझा स्वतःचा दोनदा बसवलाय. वस्तादांच्या हाताला जे कळायचं ते मशीनला कळणार नाही.

सरळसोट
@लालमाती, दोनदा बसवला म्हणजे दोनदा निखळला ना? पहिल्यांदाच नीट तपासून घेतला असता तर दुसऱ्यांदा निखळला असता का?

अस्थिमार्ग
सरळसोट, लालमातींचं पूर्ण चुकीचं नाही. टाच काखेत लावून ओढायची ती रीत वस्तादांची एकट्याची नाही, ती ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावानं आमच्याही पुस्तकात आहे. आता तशी टाच शक्यतो कुणी लावत नाही, त्यापेक्षा सौम्य पद्धती आहेत. आणि विशीच्या आतबाहेर पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठाच असतो, कुणीही बसवला तरी.

पण माझी कळकळीची विनंती आहे, लालमाती. ओढण्याआधी दोन गोष्टी बघितल्याच पाहिजेत. एक, दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर, जिथं पोलीस शिपायाच्या बाहीवर फीत असते, तिथं बोट फिरवून विचारायचं की दोन्हीकडं सारखं लागतंय का. खांद्याला गोलाई देणाऱ्या स्नायूची नस तिथून कळते, आणि ती निखळताना दबते. मनगटाची नाडीही बघायची. दुसरं, एक्स-रे. कारण सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढल्यावर तुकडा सरकतो. मी असा एक तरुण पैलवान बघितलाय. बसवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पोराचा हात पुढं वर्षभर वर झाला नाही.

लालमाती
हे फितीचं ठिकाण माहीत नव्हतं. आजच तालमीत पोरांना सांगतो. पहिल्यांदा निखळला तर थेट दवाखान्यात, हेही सांगतो.

कृष्णामाई
नातवंडं झोपली. आता लिहिते.

माझी पहिली तपासणी साडीवरून झाली. पदर खांद्यावर, वर स्वेटर, आणि डॉक्टरांनी त्यावरूनच दाबून बघितलं. त्यांना संकोच, मला संकोच. कुणाचा दोष म्हणू? पण त्यातून काही निघालं नाही. पुढं ज्या बाई डॉक्टरांकडं गेले त्यांनी एक साधी गोष्ट केली. सिस्टरना बोलावलं, मला एक मोठा पंचा दिला, तो दोन्ही काखांखालून गुंडाळून पुढं खोचायला सांगितला. अंग झाकलेलं, खांदे आणि पाठ उघडी. दोन मिनिटांत संकोच गेला. मग त्या माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही हात बाजूनं वर घ्या." मला वाटलं, मी बऱ्यापैकी वर घेतला. त्या म्हणाल्या, "आजी, हात नाही वर येत, तुम्ही खांदा कानाकडं चढवताय." त्यांनी एका हातानं माझं पातं खाली दाबून धरलं आणि परत उचलायला लावला. हात कमरेच्या वर जेमतेम आला. इतके महिने मी स्वतःलाच फसवत होते.

बायांनो, दवाखान्यात जाताना पुढून उघडणारं पोलकं घाला, आणि पंचा मागा. मागायला लाजू नका.

द्राक्षवेल
कृष्णामाई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मीपण पदर घट्ट धरूनच बसले होते. पहिल्या डॉक्टरांना मी तरी कुठं खांदा दाखवला?

हळूहळू
फिजिओथेरपिस्ट आहे, विट्याजवळ. कृष्णामाईंनी जे सांगितलं त्यामागचं कारण सांगते. हात बाजूनं पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी ढोबळ मानानं १२० अंश उखळीच्या सांध्यात, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा बसतो तिथं, होतात आणि ६० अंश पाठीवरचं पातं फिरल्यानं. उखळीचा सांधा आखडला की पातं त्याचं काम अंगावर घेतं. म्हणून माणसाला वाटतं हात येतोय. पातं धरून ठेवलं की खरं काय ते कळतं.

आणखी एक. हात वर जाताना दुखतं कुठं, ते नीट सांगा. ६० ते १२० अंशांच्या मधेच दुखत असेल आणि त्याच्या खाली-वर कमी असेल तर खांद्याच्या वरच्या हाडाच्या छपराखाली शीर घासतेय असा संशय घेतात. अगदी शेवटी, कानाजवळ आल्यावर दुखलं तर गळपट्टीच्या टोकाचा छोटा सांधा. दुखणं त्याच सांध्याचं आहे हे पक्कं करायला दुखरा हात समोरून दुसऱ्या खांद्यावर नेऊन दाबून बघतात, मफलर गुंडाळल्यासारखा.

मांडवाखाली काम करणाऱ्या बायका माझ्याकडं दर हंगामात येतात. घड डोक्याच्या वर, हात तासन् तास छातीच्या वर. शीर त्या छपराखाली घासत राहते. त्यांना मी सांगते, पायाखाली घोडी किंवा क्रेट घ्या, घड डोळ्यासमोर येऊ द्या. पण मुकादम म्हणतो क्रेट हलवण्यात वेळ जातो.

माणदेशी_पोर
मुकादमाला एक दिवस विरळणीला उभा करा, दुसऱ्या दिवशी स्वतः क्रेट घेऊन येईल.

हळदकाठ
डॉक्टर साहेबांनी लिहिलेलं वाचलं आणि बाबांना बघितलं. त्यांना स्वतःला हात छातीपर्यंतच येतो. मी धरून वर नेला तर कानापर्यंत गेला, कुठं अडला न्हाई. पण हात सोडला की धप्पकन खाली पडला. बाबा कळवळले. मी चूक केली का?

अस्थिमार्ग
चूक नाही, पण पुन्हा करू नका. असं सोडून बघणं ही खरीच एक तपासणी आहे, आम्ही हाताखाली हात धरूनच करतो. आता फक्त एक करा. बाबांचा सदरा काढा, उजेडाकडं पाठ करून उभं करा आणि मागून दोन्ही पाती बघा.

पुणे_व्हाया_पलूस
थोडं वेगळं सांगतो, पण विषयाशी जोडलेलं आहे. आमच्या वडिलांना डाव्या खांद्यात दुखायचं. पलूसला असताना शेतातून चढ चढून आले की दुखायचं, बसले की थांबायचं. घरात तेल लावणं, शेकणं सगळं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी खांदा सगळ्या बाजूंनी फिरवला. वर, मागं, बाहेर, आत. कशानंही दुखलं नाही. दाबूनही दुखलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "खांदा बरा आहे, दुखणं खांद्याचं नाही." आणि लगेच ईसीजी काढला. त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तीन नसांत अडथळे निघाले. वडील आज आहेत ते त्या तपासणीमुळं. खांद्याचा एमआरआय काढत बसलो असतो तर?

सरळसोट
@पुणे_व्हाया_पलूस, हे मनापासून पटलं.

अस्थिमार्ग
पलूसकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खांदा हलवल्यावर दुखणं वाढत नसेल तर चोर दुसरीकडं शोधायचा. हृदय, विशेषतः डावा खांदा आणि चालल्यावर येणारं दुखणं. उजव्या खांद्याच्या टोकावर कधी पित्ताशयाचं दुखणं येतं, कारण छाती आणि पोटामधल्या पडद्याची नस मानेतूनच निघते. फुफ्फुसाच्या शेंड्याची गाठही खांदादुखी म्हणून येते. विडी-सिगारेट ओढणारा, वजन उतरलेला, हाताचे बारीक स्नायू सुकलेले, अशा माणसाचा छातीचा एक्स-रे काढायलाच हवा.

आणि मान. खांद्याची तपासणी मानेशिवाय पुरी होत नाही. खांद्याचं दुखणं बहुतेक वेळा दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं आणि कोपराच्या वरच थांबतं. कोपराखाली बोटांपर्यंत कळ, मुंग्या जात असतील तर मान वळवून, वाकवून बघायचीच.

निवृत्त_मास्तर
हा धागा वाचनखुणेत साठवला. एक शंका. आमच्या गावात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसून एकाचा हात आखडला. पोटाशी धरलेला, बाहेर वळतच नाही. एक्स-रे काढला तर "काही नाही" म्हणाले. सहा महिने तेल मसाज चाललाय.

अस्थिमार्ग
मास्तर, त्यांना ताबडतोब हाडांच्या डॉक्टरकडं न्या आणि शॉकची गोष्ट आवर्जून सांगा. शॉक बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. नेहमीचा खांदा पुढं निखळतो, तो डोळ्याला दिसतो. मागं निखळलेला लपतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ सरळ दिसतो, म्हणून बाजूनं किंवा काखेतून वेगळा फोटो लागतो. त्याची खूण हीच: कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगितलं तर वळतच नाही. मसाज आजपासून बंद.

निवृत्त_मास्तर
उद्याच नेतो. धन्यवाद.

तंबोरा
थोडं अवांतर. मी मिरजेत तंतुवाद्यं बनवतो. भोपळा घासताना आमचाही खांदा भरतो. पण सांगायचं वेगळंच आहे. तंबोरा बिघडला म्हणून आणला की आम्ही लगेच फोडून बघत नाही. आधी तार छेडतो, भोपळ्यावर टिचकी मारतो, जव्हारी बघतो. आवाजावरून कळतं चीर कुठं आहे. डॉक्टरांचं तपासणं वाचताना तेच आठवलं.

कृष्णामाई
किती छान लिहिलंस रे तंबोरा.

गस्तवाला
मी सरकारी दवाखान्यात काम करतो, डॉक्टर आहे. सगळं पटतं. पण सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर माणसं रांगेत असतात. प्रत्येकाचा सदरा काढायला लावून मागून बघायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल. टेबलापलीकडून न उठणाऱ्या डॉक्टरची बाजू घेत नाही, पण त्याची अडचणही समजून घ्या.

अस्थिमार्ग
समजतो. मीही तिथूनच आलोय. पण मित्रा, एवढं तरी होतं. कोपर अंगाला, दोन्ही हात दार उघडल्यासारखे बाहेर वळवायला सांगायचे. मग हात वर. मग अंगठा पाठीवर. हे अंगात सदरा असतानाही होतं आणि एका मिनिटात होतं. ज्याच्यात फरक दिसेल त्याला बाजूच्या खाटेवर बसवायचं आणि सावकाश बघायचं.

गस्तवाला
हे जमेल. उद्यापासून करतो.

सरळसोट
डॉक्टर, एक प्रामाणिक प्रश्न. शीर फाटली की नाही हे तपासून खात्रीनं सांगता येतं का?

अस्थिमार्ग
दरवेळी नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर ते खरं नाही. उखळीभोवती चार स्नायूंच्या शिरांची बाही असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. प्रत्येकाची ताकद वेगळी जोखतात. हात तिरके पुढं धरून, अंगठे खाली, पाण्याचा डबा ओतल्यासारखे, आणि डॉक्टर वरून दाबतो. ही सुप्रास्पायनेटसची. कोपर अंगाला लावून हात बाहेर ढकलायचा, ही इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनरची. पालथा हात कमरेवर ठेवून पाठीपासून उचलायचा, ही सबस्कॅप्युलॅरिसची. हात मागं जातच नसेल तर तळवा पोटावर दाबायला सांगतात आणि कोपर मागं घसरतं का बघतात.

एकेक चाचणी एकटी फारशी भरवशाची नाही. नुसतं दुखतं म्हणूनही माणूस जोर लावत नाही. तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की वजन येतं. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतोच. मी एमआरआयच्या विरुद्ध नाही. पण साठीपुढच्या कित्येक माणसांच्या खांद्यात शीर फाटलेली दिसते आणि त्यांना काडीचंही दुखत नसतं. मग अहवालात "फाटली" असं आलं, तरी दुखणं तिच्यामुळंच आहे हे कोण सांगणार? ते हातानंच ठरवावं लागतं.

सरळसोट
पटलं. पहिल्या प्रतिसादात घाईनं लिहिलं होतं.

हळदकाठ
डॉक्टर साहेब, बघितलं. अंगणात उन्हाकडं पाठ करून उभं केलं. मानेखाली पोत्याचा घट्टा आहे तो लहानपणापासून माहितीय. पण उजव्या पात्यावर खड्डा पडलाय. डावीकडं मांस आहे, उजवीकडं हाडाची धार वर आलीय. बोट ठेवलं तर आत जातं. आईनंपण कधी बघितलं न्हवतं. बाबा म्हणाले, "दोन वर्षं झाली, सदरा नीट बसत न्हवता."

अस्थिमार्ग
मांस सुकायला वेळ लागतो, म्हणजे हे जुनं आहे. शीर असेल किंवा नस, ते प्रत्यक्ष तपासून ठरेल. आता उशीर करू नका. सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या ओपीडीत दाखवा. पोत्यांचं काम बंद आहे ना?

हळदकाठ
बंद केलंय. सोमवारी नेतो.

द्राक्षवेल
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. तपासून आले ते सांगते.

मिरजेला गेले. पुढून उघडणारं पोलकं घातलं, पंचा घरूनच नेला. तरुण डॉक्टर होते, सिस्टर सोबत. आधी विचारलं, कधीपासून, रात्री जाग येते का, पडलात का, साखर आहे का. साखर नाही म्हटलं, कारण कधी तपासलीच नव्हती. मग दोन्ही खांदे पुढून-मागून बघितले, मानही वळवून बघितली. मी हात उचलला, खांद्याच्या उंचीपर्यंत आला. मग ते म्हणाले, "आता सैल सोडा, मी उचलतो." तिथंच अडला. लाकडात खिळा अडावा तसा. मग कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवायला सांगितलं. डावा चांगला बाहेर गेला. उजवा नाकासमोरच राहिला, त्यांनी वळवला तरी जेमतेम दोन बोटं हलला. शेवटी अंगठा पाठीवर. डावा पोलक्याच्या पट्टीच्या वर, पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. उजवा कमरेच्या बाजूलाच, माकडहाडापर्यंतसुद्धा नाही. हे सगळं त्यांनी वहीत आकड्यांत लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येईल.

म्हणाले, फ्रोझन शोल्डर दिसतोय, साधा एक्स-रे काढू, झीज नाही ना बघायला. एक्स-रे चांगला आला. एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले. आणि साखर तपासायला लावली. उपाशीपोटी १८६. तीन महिन्यांची सरासरीही वाढलेली. खांदा दाखवायला गेले आणि मधुमेह घेऊन आले.

अस्थिमार्ग
ताई, फार चांगलं झालं तपासून घेतलंत. मधुमेहात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, थायरॉइडमध्येही. म्हणूनच बाहेर वळताना अडणारा खांदा दिसला की आम्ही साखर बघतो. बॉस्टनच्या कॉडमननं १९३४ मध्ये याला फ्रोझन शोल्डर नाव दिलं आणि सांध्याभोवतीची पिशवी आकसते हे १९४५ मध्ये नेव्हियासरनं दाखवलं. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होऊन नुसता आखडलेला राहतो, मग सुटत जातो. एक ते तीन वर्षं लागू शकतात. सांध्यात इंजेक्शन सुचवलं तर साखरेचं आठवणीनं सांगा, स्टिरॉइडनं काही दिवस साखर चढते.

हळूहळू
आणि दुखणं जोरात असताना कुणाला हात ओढू देऊ नका. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, हा व्यायामही त्याच कॉडमनच्या नावानं ओळखतात. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर करा, सोपं जातं.

कृष्णामाई
अंबाडा येईल हो परत. माझा आला.

हळदकाठ
द्राक्षवेल ताई, गेल्या वेळी मला नेता आलं न्हाई, रजा मिळाली न्हाई. उद्या सकाळी बाबांना नेतोय. कपडे काय घालू त्यांना? गोल गळ्याचा बनियन काढताना लई ओरडतात.

द्राक्षवेल
बनियन नकोच, पुढून बटणाचा सदरा घाला. आणि मला तिथल्या सिस्टरनी सांगितलेलं सांगते. काढताना चांगला हात आधी बाहेर, दुखरा शेवटी. घालताना उलटं, दुखरा हात आधी बाहीत, मग चांगला. मी इतके महिने बरोबर उलटं करत होते.

हळदकाठ
आत्ताच करून बघितलं. पहिल्यांदाच "आई गं" न म्हणता सदरा निघाला. बाबा म्हणाले, परत एकदा घाल बघू.